कामी आला

काशीदचा समुद्र आता मुंबई-पुण्याच्या मंडळींना तोंडपाठ झाला आहे. शनिवार उजाडला की सुरूच्या बनालगत मोटारींची रांग लागते, वाळूवर उंट आणि घोडे फिरू लागतात, शहाळ्यांचे ढीग बघता बघता उतरतात. पण ज्याचे आजोळच काशीदला आहे, त्याच्या डोळ्यांसमोर गावाचे नाव काढताच समुद्राच्या आधी एक कौलारू घर येते, शेणाने सारवलेले अंगण येते आणि मागीलदारच्या सुपारीच्या झाडांतून येणारी गाज ऐकू येते. गेल्या दिवाळीत मी सहकुटुंब तिथे गेलो होतो. चार दिवस आराम करावा, पेपर तपासण्याचा शीण घालवावा, एवढाच माफक हेतू होता. परंतु आठवीतल्या चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी माळ्यावरची पत्र्याची जुनी ट्रंक उघडली, आणि माझ्या सुट्टीचे सारे बेत बदलले.

ट्रंकेत वरच्या बाजूला जुनी पंचांगे, मधल्या थरात एक शालू, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो होता. विशी-बाविशीचा एक तरुण, अंगात खाकी गणवेश, छाती ताणलेली. फोटोग्राफरच्या दुकानातल्या पडद्यावरच्या बागेसमोर तो उभा होता. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, हे कोण?"

"आजीचे थोरले काका. दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आले."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे?"

"कामी आले म्हणता ना? कुणाच्या कामी आले? इंग्रजांच्याच ना?"

वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. बखरी शिकवताना हा शब्दप्रयोग मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिला आहे. 'अमुक सरदार अमुक लढाईत कामी आला' म्हणजे लढता लढता मृत्यू पावला, असा अर्थ सांगून मी पुढच्या ओळीकडे वळत असे. 'कुणाच्या कामी?' असे एकाही विद्यार्थ्याने मला विचारले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही ते सुचले नव्हते. मरणाला 'उपयोगी पडणे' म्हणणारी आपली भाषा मोठी धीराची आहे; पण हा प्रश्न तिच्या पोटात असतोच, आणि कधीतरी कुणीतरी पोर तो विचारतेच.

आमच्या घराने मात्र तो प्रश्न ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. त्या काळी काशीद जंजिऱ्याच्या नवाबाच्या मुलखात होते. मागच्या फणसाडच्या रानात नवाबाची शिकार चाले. घरात खाणारी तोंडे फार आणि भात पिकवणारी जमीन थोडी. थोरला मुलगा मराठा पलटणीत भरती झाला आणि त्याच्या मनिऑर्डरीवर धाकटा भाऊ, म्हणजे माझे आजोबा, शिकले. शिकून ते प्राथमिक शिक्षक झाले, आणि बेचाळीसच्या वाऱ्यात त्यांनी खादी अंगावर घेतली ती अखेरपर्यंत उतरवली नाही. चव्वेचाळीस साली तार आली. आई सांगते, आजोबा म्हणत, "ज्या सरकारने आमची माणसे तुरुंगात डांबली, त्याच्या झेंड्याखाली माझा भाऊ गेला. त्याचा अभिमान कुठल्या तोंडाने सांगू? आणि ज्याच्या पैशाने मी चार अक्षरे शिकलो, त्याला नाकारू तरी कसा?" या दोन प्रश्नांच्या मध्ये तो फोटो कधीच भिंतीवर लागला नाही.

वहिनीला मात्र त्यांनी कधी अंतर दिले नाही. आम्ही मुले तिला मोठी आजी म्हणत असू. लग्नानंतर नवऱ्याचा सहवास तिला जेमतेम दोन रजांचा. पुढची पंचेचाळीस वर्षे ती त्या घरात राहिली, मुरुडला जाऊन पेन्शन आणीत राहिली, आणि कुणाशी त्याविषयी बोलली नाही. तिची एकच गोष्ट मला आठवते. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात, तसा घरात ठेवीत. मोठी आजी त्यानंतर एकटीच अंगणाच्या कडेला जाई आणि दुसरी एक पणती पश्चिमेकडे, समुद्राकडे तोंड करून ठेवी. वारा सुटला की ती विझे. ती पुन्हा पेटवी. आम्ही विचारले तर म्हणे, "तिकडेही अंधारच असेल रे."

चिरंजीवांना हे सारे सांगितले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "पण माझ्या प्रश्नाचे उत्तर?"

ते माझ्यापाशी नव्हते. मात्र ते कुठे शोधावे हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी काढली आणि साळाव, रोहा, कोलाड, इंदापूर करीत माणगावला गेलो. मुंबई-गोवा रस्त्यावरचे हे माणगाव वाचकांपैकी अनेकांच्या ओळखीचे असेल. कोकणात जाताना इथे चहा-वडा घ्यायचा आणि पुढे निघायचे, हा मध्यमवर्गीयांचा परिपाठ. मीही तो कितीतरी वर्षे पाळला आहे. पण तिथल्या तहसील कचेरीच्या आवारात एका सैनिकाचा पुतळा आहे, तो मुद्दाम पाहायला जावे असे मात्र मला कधी वाटले नव्हते. तो पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा.

यशवंत बाळाजी घाडगे हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला 1981 साली मिळाले. कोकणातल्या हजारो तरुणांसारखे ते पलटणीत गेले आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक झाले. नाईक म्हणजे फार मोठा हुद्दा नव्हे. एका तुकडीचा तो प्रमुख, हाताखाली आठ-दहा जवान. साहेबांचे नकाशे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, पण गोळी मात्र सर्वांत आधी त्याच्यापर्यंत पोचते.

1944 च्या 4 जूनला रोम मुक्त झाले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होते, पण हटताना प्रत्येक टेकडी आणि प्रत्येक खोरे लढवीत होते. उंब्रिया प्रांतात टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पेरुजियाच्या उत्तरेला, दहावी भारतीय डिव्हिजन पुढे सरकत होती आणि घाडग्यांची बटालियन तिच्यात होती. तो डोंगराळ मुलूख आमच्या माणगाव-रोह्याच्या माणसाला अगदीच परका वाटला नसेल. चढण, झाडी, आणि वर टेकडीच्या माथ्यावर बसलेले गाव.

10 जुलैला त्यांच्या कंपनीने शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला. अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला आणि घाडग्यांची सारी तुकडी कोसळली. काही मेले, उरलेले जखमी झाले. उभा राहिला तो एकटा तुकडीचा प्रमुख. मागे वळून पाहावे तर बरोबर यायला कोणी नाही. आडोशाला पडून राहिला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. तो उठला आणि सरळ मशिनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब फेकला, त्याने मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद झाले. दुसऱ्याला त्याने आपल्या टॉमी गनने टिपले. तेवढ्यात गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन चढवायला वेळ नव्हता. तेव्हा त्याने बंदूक नळीच्या बाजूने धरली आणि तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले. पण दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला. वय वर्षे बावीस.

पुतळ्यासमोर उभा राहून मी हे सांगत होतो. चिरंजीव ऐकत होते. सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या, "आणि त्या चौघांच्या घरीही तारा गेल्या असतील." मी गप्प झालो. युद्धाची गोष्ट सांगताना हे वाक्य कुणीतरी बोललेच पाहिजे, आणि बहुधा ते बायकाच बोलतात.

नोव्हेंबर 1944 मध्ये घाडग्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातला शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान. काशाचा एक क्रॉस आणि किरमिजी रंगाची फीत. 1945 च्या मार्च महिन्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी तो त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या हाती दिला. पळसगावची ती तरुण विधवा दिल्लीच्या त्या थाटात कशी उभी राहिली असेल, याचा विचार करताना मला मोठी आजी आठवते आणि लेखणी अडते.

आता चिरंजीवांच्या प्रश्नाकडे वळतो. त्याच 1945 सालच्या नोव्हेंबरात त्याच लाल किल्ल्यात आणखी एक प्रसंग घडला. आझाद हिंद सेनेचे शाहनवाझ खान, प्रेमकुमार सेहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावरचा खटला तिथे उभा राहिला. साऱ्या देशाचे रक्त उसळले. त्या तिघांना देशाने आपले म्हटले, आणि ते योग्यच झाले. पण त्या उसळीत, आठ महिन्यांपूर्वी तिथेच पदक घेऊन गेलेली विधवा कुणाच्या ध्यानात राहिली नसेल. खरे पाहता ते तिघेही एकेकाळी त्याच भारतीय सैन्यातले. एकाने राजाची शपथ मोडली, दुसरा ती पाळता पाळता मेला. पहिल्याचे स्मरण करायला आपल्याला शब्द सापडले. दुसऱ्यासाठी ते आपण अजून शोधतोच आहोत. माझ्या आजोबांना ते मिळाले नाहीत, म्हणून तर फोटो ट्रंकेत राहिला.

घाडगे साम्राज्याच्या झेंड्याखाली लढले हे खरे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते. सक्तीची भरती नव्हती. पण अर्धपोटी घरातून भरतीला जाणाऱ्या मुलाच्या 'स्वेच्छे'ला किती मोकळीक असते, हे कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको. कुणी पोटासाठी गेला, कुणी बाप-चुलते गेले म्हणून गेला, कुणी गावाबाहेरचे जग पाहायला गेला. देशाला युद्धात ओढताना इंग्रज सरकारने आपल्या पुढाऱ्यांना विचारले नव्हते, मग पळसगावच्या मुलाला कोण विचारणार? युद्ध कुणाचे हे ठरवणे त्याच्या हाती नव्हतेच. त्या टेकडीवर त्याच्या हाती एवढेच उरले होते, की मागे पडलेल्या आपल्या माणसांवर ती मशिनगन चालू द्यायची की नाही. ते त्याने ठरवले.

म्हणजे पहिले उत्तर असे, की तो आपल्या सोबत्यांच्या कामी आला. उतारावर जे जखमी पडले होते त्यांच्या, आणि मागून त्याच वाटेने येणार होते त्यांच्या.

दुसरे उत्तर आपल्याला इटलीच्या लोकांनी दिले आहे. पेरुजिया प्रांतात मोंतोने नावाचे एक छोटे गाव टेकडीवर वसलेले आहे. 2023 च्या जुलै महिन्यात या गावाने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून तिथे यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभे केले. ते पुतळ्याचे किंवा तोफेचे नाही. ते आहे एक सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन वचनाचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. भारतीय लष्कराच्या वतीने तिथे एक फलकही बसवला आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि 5,782 मृत्युमुखी पडले. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले. त्या मुलखातून हुकूमशाही गेली, परकी फौज गेली, ती कोण्या दूरच्या डोंगरातून आलेल्या पोरांच्या रक्ताने गेली, ही जाणीव ऐंशी वर्षांनी त्या गावाने दगडात कोरली. इटलीच्या माणसाला घाडगे कोणत्या राजाचे शिपाई होते याच्याशी कर्तव्य नाही. ते आपल्या गावाजवळ येऊन मेले, एवढे त्याला पुरते.

आणि तिसरे उत्तर आपल्या घरचे. स्वातंत्र्य आले तेव्हा ज्या सैन्याने या देशाच्या सीमा सांभाळल्या, ते आकाशातून पडले नव्हते. मराठा लाइट इन्फंट्री तीच राहिली, बेळगावचे तिचे केंद्र तेच राहिले. घाडग्यांची तिसरी बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, आणि 11 डिसेंबर 1971 रोजी बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात टांगाइल येथे विमानांतून उतरली ती हीच. टायबरकाठी एका नाईकाने जे दाखवले, ते सत्तावीस वर्षांनी त्याच पलटणीच्या नातवंडांनी स्वतंत्र देशाच्या कामी लावले.

परतताना चिरंजीवांनी विचारले, "मग घाडग्यांची समाधी कुठे आहे?" समाधी नाही. त्यांचे नाव आहे ते रोमच्या दक्षिणेला कॅसिनो येथील स्मारकावर. इटलीच्या मोहिमेत पडलेल्या आणि ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथे कोरलेली आहेत.

हे सांगताना मला आपले वीरगळ आठवले. कोकणात, देशावर, जुन्या देवळांच्या आवारात शेंदूर फासलेले किंवा अर्धे पुरलेले असे दगड आपण पाहतो. मुंबईकरांना लांब जायला नको, बोरिवलीजवळच्या एकसरला समुद्री लढाईचे वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढणारा वीर, त्यावर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपूजा, आणि शिखराशी सूर्य आणि चंद्र. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहील, असे तो दगड सांगतो. मौज अशी, की बहुतेक वीरगळांवर वीराचे नावच नसते. गावाला ते ठाऊक होते, म्हणून कोरले नाही. आणि गाव विसरले, तेव्हा नुसता दगड उरला. सूर्य-चंद्र आहेत, नाव मात्र नाही. मोंतोनेच्या लोकांनी सूर्य ठेवला आणि त्याखाली नावही लिहिले. वीरगळाचा राहिलेला भाग जणू त्यांनी पुरा केला.

पुतळे उभारणे, हार घालणे, भाषणे करणे यांना मी नावे ठेवीत नाही. माणगावात पुतळा आहे म्हणून तर मी माझ्या मुलाला तिथे नेऊ शकलो. परंतु सैनिकाचा खरा सन्मान म्हणजे त्याची नीट माहिती असणे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. तो कोण, कुठला, कुठे गेला, त्याच्यामागे कोण राहिले, आणि त्या राहिलेल्या माणसाने पुढची वर्षे कशी काढली. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने जपली आहेत. 1917 साली स्थापन झालेल्या या संस्थेचा नियम असा, की हुद्दा, वंश किंवा धर्म पाहून भेद करायचा नाही, प्रत्येकाचे नाव कोरायचे. त्यांची नोंदवही कुणालाही पाहता येते. नाव, क्रमांक, पलटण, तारीख, आणि कित्येकदा आई-वडिलांचे, पत्नीचे नाव, गावाचे नाव. वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्या घरी असा एखादा फोटो ट्रंकेत असेल, एखादे पदक मुलांच्या खेळण्यात गेले असेल, तर त्या नावाचा एकदा शोध घ्या. वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारा. सांगणारे माणूस गेले, की फोटोचा वीरगळ होतो.

आम्ही काशीदला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. चिरंजीवांनी फोटोची काच पुसली. भिंतीवर आजोबांचा खादीच्या टोपीतला फोटो आहे, त्याच्या शेजारी खिळा ठोकायचा की समोरच्या भिंतीवर, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी आई म्हणाली, "शेजारीच लावा. भाऊ आहेत ते." तसा लावला. खादी आणि खाकी ऐंशी वर्षांनी एका भिंतीवर आली. घर काही पडले नाही.

मग मुलांनी पणती घेतली आणि अंगणाच्या कडेला, मोठी आजी ठेवी तिथेच, समुद्राकडे तोंड करून ठेवली. सहा वाजत आले होते. चिरंजीवांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "बाबा, तिकडे आता दुपारचा दीड वाजत असेल. घड्याळावर ऊन असेल." वाऱ्याने पणती विझली. त्यांनी आडोशाला हात धरून ती पुन्हा पेटवली.